धुतलेला कोको

सिंगापूरच्या पुंगोलमधल्या आमच्या ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीखाली, रहिवाशांची एक सामायिक बाग होती. पांदानची पानं, मिरच्या, कढीपत्ता, गवती चहा अशा सभ्य झाडाझुडपांच्या मागे, कुंपणाला लागून, कोकोची तीन झाडं होती. त्यांची फळं थेट खोडाला चिकटून यायची. माझ्या सासूबाईंनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “अगं, ही तर फणसाची जात.” मी हसले आणि सोडून दिलं. पुढे जे झालं त्याचं मूळ त्या वाक्यात होतं, पण तेव्हा ते कोणाला कळणार!

सासूबाई गुहागरकडच्या. सासरे गेल्यानंतर दर वर्षी काही महिने आमच्याकडे यायच्या. माड-पोफळीत आयुष्य गेलेलं माणूस सिंगापूरच्या अकराव्या मजल्यावर दिवसभर काय करणार? नवरा आयटीत, त्याला घरी असला तरी घरी म्हणता येत नाही. माझी नोकरी जुरोंग ईस्टला, हिशेबखात्यात. घर बेटाच्या एका टोकाला आणि ऑफिस दुसऱ्या टोकाला, ही आमचीच अक्कल. मुलगी शाळेतून आली की आजीशी इंग्रजीतच बोलायची आणि आजी तिला मराठीत उत्तर द्यायच्या. दोघींचं छान चालायचं, कारण दोघीही ऐकत नसत.

झाडं लावणारी बाई कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा नावाच्या बेटावरची. सत्तरीची, उंच, काळीसावळी, डोक्याला कायम रुमाल. तिची मुलगी इथे नोकरीला आली आणि इथल्याच एका चिनी मुलाशी लग्न करून राहिली. नातीला सांभाळायला ही येऊन-जाऊन असायची, आणि आधीच्या कुठल्यातरी मुक्कामात तिने बिया मिळवून ती झाडं लावली होती. नात आमच्या मुलीच्याच शाळेत. सासूबाईंनी तिचं नाव ठेवलं बेटवाली. मी म्हटलं, आई, आपणही बेटावरच राहतो. तर म्हणाल्या, “हे कसलं बेट? इथे माडावर चढणारा एक माणूस नाही.” नावच असं पडल्यामुळे आम्ही सगळेच तिला एकेरीत बोलू लागलो. तिला मराठी येत नसल्यामुळे तिचा मान कुठे कमी झाला नाही.

दोघींची ओळख जायफळावरून झाली. सासूबाई कढीपत्ता आणायला खाली गेल्या आणि जायपत्रीसकट एक जायफळ घेऊन वर आल्या, डोळ्यांत पाणी. बेटवालीने घरून आणलेलं होतं, तिच्या पिशवीत नेहमी एखादं असायचं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिला गावच्या आपल्या बागेतून आणलेलं जायफळ नेऊन दिलं. जगाच्या दोन टोकांच्या दोन बायका एकमेकींना एकच वस्तू भेट देत होत्या.

मग शनिवारी सकाळी बागेतल्या बाकावर बैठक बसायची. मी मध्ये दुभाषी. खरं सांगायचं तर मला आठवड्याची भाजी, इस्त्री, मुलीचा क्लास, सगळं खोळंबल्याचा वैताग यायचा, पण उठवत नसे. बेटवाली सांगायची तिच्या डोंगरउतारावरच्या वाडीचं. नवऱ्याच्या मागे ती तिने एकटीने सांभाळली. मोठ्या वादळात जायफळाची झाडं मुळासकट आडवी झाली. कोको मोडला पण बुंध्यातून पुन्हा फुटला. फळं लांब काठीच्या आकडीने काढायची, झाडाखाली ढीग घालायचा, आणि मग आसपासच्या बायका येऊन ढिगाभोवती बसायच्या. एकीने कोयत्याने फळ फोडायचं, दुसरीने आतल्या बिया गरासकट ओढून काढायच्या. पोरं तो पांढरा गर चोखत बसायची. मग त्या ओल्या, बुळबुळीत बिया लाकडी पेटीत, वर केळीची पानं, आठवडाभर. पेटीत हात घालवत नाही इतक्या तापतात त्या. त्यानंतर खोलीएवढ्या लाकडी ताटांवर उन्हात, आणि त्या बियांतून पायांनी चालायचं, घासत घासत, म्हणजे सगळीकडून सारख्या वाळतात.

सासूबाईंना चॉकलेटमध्ये रस नव्हता. त्यांचे प्रश्न बागायतदाराचे. “खत काय घालतात? सावलीला काय लावतात?” सावलीला केळी, हे ऐकून त्यांनी मान डोलावली. मग एकदा म्हणाल्या, “विचार तिला, केलडी येतात का?” केलडी म्हणजे लाल तोंडाची माकडं, कोकणातल्या बागांचा कायमचा शाप. बेटवालीने कपाळावर हात मारून घेतला. तिच्या डोंगरावरही माकडं होती, फळाला भोक पाडून गर चोखून टाकून द्यायची. त्या दिवशी दोघींनी आपापल्या भाषेत माकडांना मनसोक्त शिव्या घातल्या आणि माझी गरज पडली नाही.

तिच्या गावी हल्ली बहुतेकजण ओल्याच बिया खरेदी केंद्रावर देऊन मोकळे होतात, असं ती सांगायची. पेटी भरणं, वाळवणं, चालणं, सगळं तिथेच होतं. तिची वाडीही आता पुतण्यांकडे होती. तिच्या मुलीला कोकोचा उद्योग ठाऊक होता, पण फक्त लहानपणचा. आणि नातीला कोको म्हणजे पाकिटातली पावडर.

त्या वर्षी नातीचं पहिलं कम्युनियन होतं. चर्चमध्ये मूल पहिल्यांदा प्रसाद घेतं तो दिवस. आपल्याकडची मुंज समजा. मूल उपाशीपोटी जातं, आणि घरी आल्यावर पहिला घोट कोको टीचा. बिया भाजून, कुटून त्याचे गोळे करून ठेवलेले असतात. तो गोळा किसायचा, पाण्यात दालचिनी, तमालपत्र, जायफळ घालून उकळायचा, दूध-साखर घालायची. बेटवालीला तिच्या आजीने दिला होता, तिने मुलीला दिला होता, आणि आता नातीला द्यायचा होता. मुंजीतलं मातृभोजन असतं ना, तसा तो कप. आणि तो तिला आपल्याच झाडांच्या बियांचा, आपल्याच हातचा हवा होता. तिची मुलगी म्हणाली, आई, दुकानात ढिगाने मिळतो. बेटवाली नंतर बाकावर मला म्हणाली, “दुकानातलं तर ती रोजच पिते.”

बागेच्या जागेवरून छप्पर घातलेली पायवाट जाणार अशी सूचना ब्लॉकखाली लागली होती. झाडं जाणार होती. कम्युनियननंतर तीही कायमची परत जाणार होती, गुडघे थकले होते तिचे. म्हणजे जे काही व्हायचं ते या एकाच बहरात.

तिन्ही झाडांची फळं तिने जपून एकदम काढली. बिया थोड्या असल्या की पेटी तापत नाही, म्हणून जावयाने वुडलँड्सच्या कुणाच्यातरी बागेतून आणखी पिशवीभर फळं आणून दिली. मासळी बाजारातून थर्माकोलची जाड पेटी आणली, तळाला भोकं पाडली, केळीची पानं अंथरली. पण पेटी ठेवायची कुठे? तिच्या जावयाला वास सहन होईना. आमच्या स्वयंपाकघरामागच्या कपडे वाळवायच्या जागेत दुपारचं ऊन धाडधाड यायचं. तिथे ठेवली. आणि मग शाळेला सुट्टी लागली म्हणून तिच्या घरचे तिला तीन-चार दिवस मलेशियाला घेऊन गेले. जाण्यापूर्वी तिने मला दाखवलं, मधे एकदा उघडून बिया खालीवर करायच्या, पुन्हा झाकायच्या. सासूबाईंना मी म्हटलं, “आई, बिया आत मुरताहेत. मी संध्याकाळी येऊन बघत जाईन.”

मुरणं म्हणजे काय ते सासूबाईंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो. मुरलेल्या वस्तूला आंबूस दारूचा वास येत नाही आणि तिच्यावर चिलटं घोंघावत नाहीत. एका दुपारी त्यांनी झाकण उघडलं तर वाफ आली, बिया तपकिरी पडलेल्या, बुळबुळीत, आणि नाक धरावं असा वास. विश्वासाने ठेवलेली दुसऱ्याची ठेव आपल्या घरी नासली! मग कोकणातली कोणतीही बाई करील तेच त्यांनी केलं. फणसाच्या आठळ्यांचं करतात तेच. सगळ्या बिया चाळणीत काढल्या, मीठ लावून चोळचोळ चोळल्या, पाच पाण्यांनी धुतल्या, बुळबुळ पार गेली, आणि आपलं जुनं सुती लुगडं हॉलमध्ये अंथरून पंख्याखाली पसरल्या. पेटीही घासून ठेवली.

मी दार उघडलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या होत्या, हात मिठाने लाल झालेले, आणि चेहरा लग्नघरातली जोखीम पार पाडल्यासारखा. “वेळेवर लक्ष गेलं म्हणून वाचल्या गं. सगळ्या नासल्या होत्या.” समोर लुगड्यावर बिया. स्वच्छ, चकचकीत, एकेक सुटी. बेटवालीने शनिवार-शनिवार मला हेच तर समजावलं होतं, की ती सगळी घाण, तो वास, ती उष्णता, त्यातूनच बीच्या आत कोकोची चव तयार होते. अर्ध्यात धुतलं तर बी बीच राहते. पण त्या थकलेल्या, खूश चेहऱ्याकडे बघून ते सांगायचं सोडून मी त्यांना पाणी आणून दिलं. संताप आला होता, पण कोणावर काढायचा? ज्या बाईने दुपारभर वाकून दुसऱ्याच्या बिया धुतल्या तिच्यावर?

बेटवाली परत आली तशी थेट आमच्याकडे आली. मी तिला दारातच इंग्रजीत सगळं सांगितलं. ती आत आली, लुगड्याशी उकिडवी बसली, एक बी उचलून सुरीने उभी कापली. आतून तपकिरी हवी होती, ती जांभळट होती, कच्च्या वांग्यासारखी. तिने दोन्ही अर्धे क्षणभर तळहातावर धरले. मग मान वर करून सासूबाईंकडे बघून हसली आणि मला हळूच म्हणाली, “खूप कष्ट घेतलेत तिने. तिला काही सांगू नकोस.”

“काय म्हणते?” सासूबाईंनी विचारलं.

“छान झाल्यात म्हणते,” मी म्हटलं.

मग जणू काही बिघडलंच नाही अशा थाटात बेटवालीने पुढचं सगळं केलं. बिया वाळत आल्या तशी एका सकाळी ती चपला काढून, पाय धुऊन लुगड्यावर उभी राहिली आणि बियांतून चालू लागली. पाऊल न उचलता, घासत, कमरेत हलकेच डुलत. सासूबाई ताडकन उठल्या. “अगं, पाय काय लावते? खायची वस्तू आहे ना!” मी समजावलं की तिच्याकडे अशीच रीत आहे. त्यांनी वाकून बियांना नमस्कार केला, पाय लागल्याबद्दल, बेटवालीच्या वतीने. बेटवालीला ते फार आवडलं. तिने हात पुढे केला. आणि माझ्या सासूबाई, ज्या पडलेल्या तांदळाच्या दाण्यालाही पाय लागू देत नसत, त्यांनी पुन्हा एकदा नमस्कार करून पाय आत टाकला. दोघी हात धरून आमच्या हॉलमध्ये त्या बियांतून फिरत होत्या. बेटवाली काहीतरी गुणगुणत होती. मुलगी सोफ्यावरून टाळ्या वाजवत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

बिया आमच्याच कढईत भाजल्या. वास आला, पण शेंगदाणे करपल्यासारखा. सासूबाईंच्या खलबत्त्यात कुटल्या. दोघींनी आळीपाळीने कुटून गोळे वळले. आणि कम्युनियनच्या दिवशी तिच्या घरी आम्ही सगळे जमलो. नात पांढऱ्या झग्यात, डोक्यावर फुलांचं कडं, सकाळपासून उपाशी. बेटवालीने कप तिच्या दोन्ही हातांत दिला. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप खाली ठेवला. “पोपो, सो बिटर, लाह.” इथल्या चिनी मुलांसारखं आजीला ती पोपो म्हणायची.

तिच्या आईने भराभर साखर घातली. पोरीने आजीकडे बघून आणखी एक घोट कसाबसा गिळला आणि मग केकच्या ताटाकडे वळली.

“काय म्हणाली पोर?” सासूबाईंनी माझ्या कानात विचारलं.

“आवडलं म्हणते.”

बेटवाली खिडकीशी उभी राहून आपला कप पीत होती. संथपणे, पूर्ण. सासूबाईही प्यायल्या, चेहरा हलू न देता. मी दोनच घोट घेतले. तो कडूपणा जिभेला चिकटून राहणारा होता.

महिनाभरात बेटवाली गेली. जाताना सासूबाईंना तिने एक गोळा कागदात बांधून दिला. मग दोघींनी एकमेकींचे हात इतका वेळ धरून ठेवले की लिफ्टचं दार दोनदा उघडून मिटलं. पुढे झाडं गेली, पायवाट झाली. पावसात न भिजता स्टेशनला जाता येतं आता, सगळे खूश आहेत. सासूबाई गावी गेल्या त्यानंतर एक गोष्ट मला खटकत राहिली. त्या बोलक्या. इथलं काय-काय त्यांनी गावभर सांगितलं, पण बियांची गोष्ट कोणालाच नाही. वयानुसार विसरल्या असतील, असं मी धरलं.

मधली वर्षं त्या आल्या नाहीत, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या काळात बेटवालीच्या मुलीचा मेसेज आला. ते लोक तोवर ऑस्ट्रेलियाला गेले होते. बेटवाली तिच्या डोंगरावर, तिच्याच घरात, झोपेत वारली होती. नवरा म्हणाला, “आईला कशाला सांगायचं? नुकती चालायला लागलीय.” मलाही पटलं. आमच्या घरात वाईट बातमी आईंपर्यंत गाळून, निववून जाते, आणि बऱ्याचदा जातच नाही.

मग त्या पुन्हा आल्या. एका रविवारी दुपारी श्रीखंडासाठी जायफळ शोधत होत्या. मसाल्याच्या डब्यांमागचा एक डबा त्यांनी उघडला आणि तशाच उभ्या राहिल्या. आत तो कागदातला गोळा होता. जाताना त्या इथेच ठेवून गेल्या होत्या, आणि मीही कधी टाकला नव्हता.

“नासवल्या मी त्या बिया,” त्या म्हणाल्या.

मी गॅस बंद केला. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? तिने बी कापली, आत बघितलं, आणि मग हसली. जन्मभर सुपाऱ्या फोडल्या मी. आतून वाईट निघाली की बाईचं तोंड कसं होतं ते मला कळत नाही होय?”

“मग बोलला का नाहीत आई?”

“कोणाशी बोलू? ती हसत होती, तू हसत होतीस. छान झाल्यात म्हणालीस. मी माफी मागितली असती तर तुम्ही दोघी खोट्या पडला असतात.” त्यांनी गोळा हातात घेतला. “इतकं जपलंत मला, की माफी मागायला जागाच ठेवली नाहीत.”

मी ओट्याचा कोपरा पुसत राहिले. मग त्याच म्हणाल्या, “तिचा नंबर असेल ना तुझ्या फोनमध्ये? आत्ता लाव. मी बोलते, तू तिला इंग्रजीत सांग. जसंच्या तसं सांग, तुझं काही घालू नको.”

ती गेल्याचं मी सांगून टाकलं. या वेळी गाळलं नाही.

त्या स्टुलावर बसल्या. “कधी?” मी सांगितलं. त्यांनी मनाशी हिशेब केला असावा. “म्हणजे हेही ठेवलंस माझ्यापासून,” एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने त्यांनी किसणी मागितली. गोळा दगड झाला होता, तरी त्यांनी स्वतः किसला. दालचिनी, तमालपत्र, वरून जायफळ. श्रीखंड तसंच राहिलं. दोन कप भरले आणि आम्ही स्वयंपाकघरातच बसून प्यायला लागलो.

“कडू आहे गं,” त्या म्हणाल्या.

“हो आई. कडू आहे.”

“पोर तेव्हा हेच म्हणाली होती ना?”

“हो. हेच.”

त्यांनी मान हलवली. कप खाली ठेवतील असं वाटलं, पण त्यांनी तो पुन्हा उचलला. “आणि बेटवालीने सगळा संपवला होता,” असं म्हणून त्यांनी शेवटपर्यंत पिऊन टाकला. मग मीही माझा संपवला.